चार मुळांवर उभं राहिलेलं ऑर्किड

कुंडीत मातीऐवजी घातलेली झाडाची साल ओली आहे, बोट घातलं तर गार लागतेय, आणि पानं मात्र तहानेल्यासारखी लोंबतायत. जवळजवळ दीड महिना हे कोडं माझ्या खिडकीत बसून होतं.

पांढऱ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस जातीचं हे ऑर्किड घरी आलं तेव्हा त्याच्या दांड्यावर नऊ फुलं होती आणि ती चांगली अडीच महिने टिकली. शेवटचं फूल गळल्यावर पानांवर लांबीच्या दिशेनं बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या. मग पानं मऊ पडली, जुन्या चामडी पट्ट्यासारखी. तहान लागली असेल असं समजून मी पाणी वाढवलं, एक दिवसाआड घालायला लागले. सुरकुत्या आणखी खोल गेल्या. शेवटी पानांचे फोटो काढून मावशीला पाठवले. ती कित्येक वर्षं ऑर्किड वाढवते. पाच मिनिटांत तिचा फोन आला.

"पानांचे फोटो काय पाठवतेस? मुळं दाखव."

"मुळं आत आहेत गं मावशी, कुंडीत. कशी दाखवू?"

"मग काढ बाहेर. हे मातीतलं झाड नाही, बाहेर काढल्यानं त्याला काही होत नाही. आत राहिल्यानंच होतंय जे काय होतंय ते."

फोन स्पीकरवर टाकून मी कामाला लागले. बाहेरची कुंडी चिनी मातीची, दिसायला देखणी, पण तळाला भोक नाही. तिच्यात पारदर्शक प्लास्टिकची कुंडी बसवलेली. ती उचलली तर खाली दोन बोटं पाणी साठलेलं होतं. प्लास्टिकची कुंडी चारही बाजूंनी चेपून सैल केली आणि रोप अलगद ओढलं. आधी वास आला, ओल्या कुजक्या पाचोळ्याचा. साल काळी पडली होती आणि बोटांत धरली की गाळासारखी चुरडत होती.

"आता एकेक मूळ दोन बोटांत धर आणि हलकं दाब," मावशी म्हणाली.

पहिलं मूळ दाबलं. आतून तपकिरी पाणी आलं आणि वरचं आवरण मोजा निघावा तसं सरकून हातात आलं. मागे राहिला फक्त दोऱ्यासारखा एक तंतू. दुसरं तसंच, तिसरं तसंच. सतरा मुळांपैकी तेरा गेलेली होती. चार टणक निघाली, आणि त्यातली दोन म्हणजे कुंडीबाहेर हवेत लोंबणारी ती वेडीवाकडी मुळं, जी बरी दिसत नाहीत म्हणून मी महिनाभरापूर्वी कापणार होते. ती राहून गेली हे नशीबच.

मुळांच्या मधोमध, खोडाच्या अगदी बुडाशी, आणखी एक गोष्ट सापडली. लिंबाएवढा मॉसचा, म्हणजे शेवाळासारख्या वनस्पतीचा, गच्च गोळा, जाळीत गुंडाळलेला. आजूबाजूची साल एखादे वेळी सुकली असती, पण हा गोळा आठवडेच्या आठवडे ओला राहत असणार. मावशीनं त्याचं कारण सांगितलं तेव्हा मला रोपाचं सगळं बालपणच कळलं. ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक असतं आणि त्यात अंकुराला पुरेल असा अन्नसाठाच नसतो. रानात एका विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजतं. १९२२ साली लुईस नुडसन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानं बुरशीशिवाय, साखर घातलेल्या अगार या जेलीसारख्या पदार्थावर ऑर्किडचं बी रुजवून दाखवलं आणि तिथून बाटलीतली रोपं सुरू झाली. बाटलीतून निघालेल्या चिमुकल्या रोपाला उभं राहायला मॉसचा आधार देतात. पुढे रोप मोठ्या कुंडीत जातं आणि तो गोळा तसाच आत राहतो. रोपवाटिकेतल्या मोजूनमापून दिलेल्या पाण्यावर त्याचं काही बिघडत नाही. घरातल्या सढळ हातापुढे बिघडतं. तेव्हापासून घरात नवं फॅलेनॉप्सिस आलं की त्याची फुलं ओसरल्यावर मी पहिल्यांदा तो गोळा शोधते.

मुळाबद्दल मला जे त्या दिवशी कळलं त्यावर माझं पुढचं सगळं ऑर्किडपालन उभं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. या मुळावर स्पंजासारखं एक आवरण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. ते मेलेल्या, पोकळ पेशींचं असतं. कोरड्या मुळात त्या पेशींत हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी दिसतं. पाणी पडलं की हवेची जागा पाणी घेतं, आवरण पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो, कारण या मुळांत हरितद्रव्य असतं. सुकं मूळ नळाखाली धरून बघा, डोळ्यांदेखत चंदेरीचं हिरवं होतं. रानात हे रोप झाडाच्या फांदीला धरून वाढतं, पावसात भिजतं आणि वाऱ्यावर सुकतं. भिजणं आणि सुकणं दोन्ही त्याला हवं असतं. सतत ओलं राहिलं की त्या स्पंजातली हवा जाते, मूळ गुदमरतं आणि मग मूळकूज करणाऱ्या पिथियमसारख्या जीवांना रान मोकळं मिळतं. मूळ गेलं की पाणी वर चढायची वाटच बंद. म्हणजे तहानलेल्या रोपाची पानं सुरकुततात आणि बुडालेल्या रोपाचीही सुरकुततात. पानांकडे बघून दोन्हींत फरक करता येत नाही. मुळं चंदेरी आणि टणक असतील तर पाणी द्या, तपकिरी आणि लिबलिबीत असतील तर कात्री घ्या.

कात्रीची पाती मी आचेवर तापवून घेतली, गार होऊ दिली आणि तेरा मुळं खोडापर्यंत कापली. मॉसचा गोळा चिमट्यानं कण कण करून काढला, त्याला पाऊण तास लागला. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा असं पुष्कळ जण सांगतात. मावशीनं ठाम नको म्हटलं. दालचिनी बुरशीला आवरते पण ओल शोषून घेते. पानावरच्या जखमेला ती चालते, मुळांना लागली की चांगली मुळंही वाळतात. मी काहीच लावलं नाही, कापलेले भाग दिवसभर उघड्यावर सुकू दिले.

नवी साल रात्रभर पाण्यात भिजत घातली होती, कारण कोरडी साल पाणी धरतच नाही, वरच्या वर सोडून देते. कुंडी घेतली ती आधीपेक्षा लहान. मोठ्या कुंडीत मुळांना मोकळी जागा मिळेल असं वाटतं खरं, पण चार मुळांना पिता येईल त्याहून जास्त पाणी त्या सालीत साठून राहतं आणि पुन्हा तेच घडतं. तिसरी गोष्ट माझ्या ध्यानीमनी नव्हती. रोप कुंडीत डगमगता कामा नये. नव्या मुळाचं टोक इतकं कोवळं असतं की सालीवर घासलं तरी त्याची वाढ थांबते. म्हणून बांबूची काडी रोवून खोड तिला कापसाच्या दोऱ्यानं बांधलं.

मग वाट बघणं. चार मुळं आणि पाच मोठी पानं हा हिशेब जुळणारा नव्हता. पानं जेवढं पाणी गमावत होती तेवढं मुळं देऊ शकत नव्हती. म्हणून कुंडी एका मोठ्या पारदर्शक डब्यात ठेवली, तळाला ओलसर मॉस पसरलं, झाकण जरासं तिरकं. थेट ऊन नाही, खत अजिबात नाही. रोज सकाळी झाकण काढून थोडा वेळ हवा खेळू द्यायची. पाच आठवडे काहीही झालं नाही. खालची दोन पानं पिवळी पडली. ती मी ओढली नाहीत, आपोआप सुटू दिली. सहाव्या आठवड्यात खालच्या पानाच्या बुडाशी खोडाची साल तडकल्यासारखी दिसली आणि त्या चिरेतून मोहरीएवढा हिरवा, ओला चकाकणारा ठिपका बाहेर आला. रात्री विजेरी घेऊन मी तो परत परत बघत होते. तीन महिन्यांत अशी तीन मुळं आली. जुन्या पानांवरच्या सुरकुत्या पूर्ण गेल्या नाहीत, पण नवं पान आलं ते ताठ.

पाणी कधी घालायचं हा प्रश्न मी वजनकाट्यावर सोडवला. भिजवून निथळलेली कुंडी ४१२ ग्रॅम भरली. मुळं सगळी चंदेरी झाली त्या दिवशी ३३८. मग रोज उचलून वजन करायचं आणि ३४०च्या आसपास आलं की सकाळी पाणी. कोरड्या गरम दिवसांत सहा दिवस लागत, थंड दमट दिवसांत अकरा. 'आठवड्यातून एकदा पाणी' या सल्ल्यावर मी पुन्हा कधी विसंबले नाही. दोनतीन महिन्यांत काट्याची गरज संपली, हाताला वजन कळायला लागलं.

रोप जगलं, पण पुढचं वर्षभर फुललं नाही. पानं गडद हिरवी, लांब, लुळी. दिसायला छान, आणि तीच खूण होती. गडद हिरवी पानं म्हणजे उजेड कमी. मोबाइलवरच्या मोजणीत त्या शेल्फवर भर दिवसा जेमतेम ३,००० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) येत होते. फॅलेनॉप्सिसला साधारण १०,००० ते १५,००० लक्स मानवतात. आपल्या डोळ्यांना खोली उजळ वाटते यावर जाऊ नये, डोळे फार जुळवून घेतात. पूर्वेच्या खिडकीत पातळ पडद्याआड हलवल्यावर दोन महिन्यांत पानांचा रंग फिकट झाला, पोपटीकडे झुकणारा. एकदा पडदा धुवायला काढला होता त्या दिवशी दुपारपर्यंत एका पानावर पांढुरका डाग पडला, मग तो कागदासारखा वाळला. उन्हाचा चट्टा वाढत नाही, त्यामुळे पान तसंच ठेवलं. पान हाताला कोमट लागलं तर ऊन जास्त आहे, ही सोपी तपासणी.

उजेडाइतकंच तापमान महत्त्वाचं निघालं. फॅलेनॉप्सिसला फुलोऱ्याचा दांडा काढायला काही आठवडे थोडा गारवा लागतो, तापमान २५ अंशांच्या खाली उतरलेलं. सतत २८-२९ अंशांच्या वर राहिलं तर रोप पानांवर पानं काढत बसतं. थंडी सुरू झाल्यावर मी कुंडी रात्रीही खिडकीतच राहू दिली, तिथे रात्री १७-१८ अंशांपर्यंत उतरायचं. पाचव्या आठवड्यात वरून तिसऱ्या पानाच्या बगलेतून काहीतरी डोकावलं. मूळ की दांडा? मुळाचं टोक गोल, गुळगुळीत आणि चमकदार असतं. दांड्याचं टोक चपटं, एका बाजूला खाच असलेलं, लहान मुलाच्या अंगठावाल्या हातमोज्यासारखं. हा हातमोजा होता.

दांडा वाढला, सात कळ्या धरल्या. पहिल्या दोन टपोऱ्या झाल्या तेव्हा मी कुंडी खिडकीतून काढून बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवली, सगळ्यांना दिसावी म्हणून. तिसऱ्या दिवशी कळ्या पिवळ्या पडल्या, चौथ्या दिवशी हात लावताच गळायला लागल्या. सातपैकी सहा गेल्या. टेबलावर पिकत ठेवलेल्या फळांची टोपली होती. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कळ्या त्यानं फार लवकर गळतात. पण त्याच वेळी उजेड बदलला होता, दिशा बदलली होती, वर पंख्याचा झोत होता. यातलं नेमकं काय नडलं हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कळ्या धरल्यापासून पहिलं फूल उघडेपर्यंत कुंडीची जागा बदलायची नाही, एवढं मात्र मी पाळते. कुंडीच्या कडेवर एक खूण केलेली आहे, पाणी घालून परत ठेवताना ती खूण खिडकीकडेच हवी. दांडा मी बुडापासून तिसऱ्या डोळ्याच्या, म्हणजे दांड्यावरच्या गाठीच्या, वर कापला. त्या डोळ्यातून फांदी फुटली आणि अडीच महिन्यांनी चार फुलं आली. रोप अशक्त असतं तर हा मोह आवरला असता आणि दांडा मुळापासूनच काढला असता.

दरम्यान घरात डेंड्रोबियम हे दुसऱ्या प्रकारचं ऑर्किड आलं होतं, आणि त्याच्याबरोबर पिठ्या ढेकूण. पहिल्यांदा दिसला तो पानाच्या बेचक्यात अडकलेला कापसाचा धागा. झटकायला गेले तर तो चिकट लागला आणि बोटावर गुलाबीसर डाग पडला. नीट बघितल्यावर कांडीवरच्या, म्हणजे त्याच्या जाड खोडावरच्या, कागदी आवरणाखाली रांगच दिसली. कान साफ करायची कापसाची काडी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक टिपला. अल्कोहोल लागताच त्याचं मेण विरघळतं आणि तो तपकिरी पडतो. हे काम रोप सावलीत ठेवून करायचं, कळ्यांना लागू द्यायचं नाही. एकदा साफ केल्यावर मला वाटलं झालं. आठ दिवसांनी पिल्लं हजर, कारण अंड्यांवर अल्कोहोलचा भरवसा नसतो. दर सात दिवसांनी, असं चार वेळा केलं. नाहीसे झाले.

महिन्यानं पुन्हा दिसले, आणि या वेळी शेजारच्या फॅलेनॉप्सिसच्या पानाखालीसुद्धा. मी वर शोधत राहिले, ते खाली होते. कुंडी पालथी करून बघितली तर तळाच्या भोकांच्या कडेनं आणि सालीत, मुळांना लपेटून पांढरी पूड. तेव्हा अर्धवट उपाय सोडून दिला. दोन्ही रोपं कुंडीबाहेर काढली, सगळी साल पिशवीत बांधून फेकली, मुळं वाहत्या पाण्याखाली धुतली, कुंड्या गरम साबणपाण्यानं घासल्या, कांडीवरची वाळलेली आवरणं सोलून काढली. शेल्फच्या फटीसुद्धा पुसल्या. त्यानंतर चार आठवडे दर रविवारी भिंग घेऊन तपासणी. आता नवं रोप आणलं की ते महिनाभर वेगळ्या खोलीत राहतं, कितीही निरोगी दिसलं तरी. दांड्यावर दिसणारे स्वच्छ गोड थेंब बघून मात्र लगेच घाबरू नका. ऑर्किड स्वतःही असा रस सोडतं. थेंबांच्या आसपास किडा किंवा खवले दिसले तरच काळजी. खवले कीड याच उपायानं जाते, नखानं खरवडून मग अल्कोहोल. लाल कोळी एकदाच आले, कोरड्या गरम दिवसांत. पानांच्या मागच्या बाजूला चंदेरी ठिपके होते, पानं दर तीन दिवसांनी दोन्हीकडून ओल्या फडक्यानं पुसली आणि गेले.

त्या डेंड्रोबियमनं आणखी एक धडा दिला. थंडीत त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. मी घाबरून खत आणि पाणी दोन्ही दिलं. वसंतात कांडीच्या डोळ्यांतून कळ्यांऐवजी छोटी छोटी रोपं फुटली, मुळांसकट. त्यांना कीकी म्हणतात, हवाई भाषेत कीकी म्हणजे मूल. हे नोबिल जातीचं होतं आणि या जातीला थंडीत विश्रांती लागते, पाणी अगदी कमी आणि खत बंद. पानं गळणं हे त्याचं नेहमीचंच आहे, आणि फुलं येतात ती त्याच उघड्याबोडक्या जुन्या कांड्यांवर. पुढच्या थंडीत मी हात आवरला. फेब्रुवारीत एका निष्पर्ण कांडीवर एकवीस फुलं मोजली. वाळक्या दिसतात म्हणून त्या कांड्या कापल्या असत्या तर पुढचा बहर गेला असता आणि रोपाचा साठाही.

सगळंच वाचलं नाही. जांभळ्या फुलांचं दुसरं फॅलेनॉप्सिस माझ्या हातून गेलं, आणि ते फार लागलं. हवेत दमटपणा हवा म्हणून मी संध्याकाळी पानांवर पाण्याचा फवारा मारत असे. पाणी ओघळून पानांच्या मधल्या खोबणीत, जिथून नवं पान निघतं तिथे साठायचं. थंड रात्री, बंद खिडकी. एका सकाळी मधलं पान धरलं तर ते सहज वर निघून आलं. त्याचं बूड काळं आणि पाणचट होतं. फॅलेनॉप्सिसला वाढीचं टोक एकच असतं. ते कुजलं की नवं पान येत नाही. डेंड्रोबियमसारखा बाजूनं नवा कोंब फुटण्याची आशा इथे जवळजवळ नसते. क्वचित खोडातून कीकी निघते म्हणून मी चार महिने ते ठेवलं. नाही आली. रानात हे रोप फांदीवरून तिरकं लोंबत वाढतं, त्यामुळे पावसाचं पाणी पानांवरून निथळून जातं. सरळ उभं लावण्याची सवय आपली आहे. तेव्हापासून माझी फॅलेनॉप्सिस कुंडीत थोडी कललेली असतात, पाणी सकाळीच मिळतं, मधे थेंब राहिला तर कागदाच्या सुरळीनं टिपून घेते. फवारा बंद केला. त्यानं वाढलेला दमटपणा थोड्याच वेळात उडून जातो. त्यापेक्षा रोपं जवळजवळ ठेवणं आणि एक लहान पंखा मंद फिरत ठेवणं जास्त उपयोगी पडलं.

सालीवर पांढरे खपलीसारखे थर आणि मुळांची टोकं काळी, हे दिसलं तेव्हा मी पुन्हा मूळकुजीलाच घाबरले होते, पण मूळ दाबून बघितलं तर टणक होतं, फक्त टोक जळलेलं. ते क्षार होते, नळाचं जड पाणी आणि खत दोन्हींचे. खताचं प्रमाण डब्यावर लिहिलंय त्याच्या पाव केलं, आणि दर चौथ्या वेळी नुसतं साधं पाणी कुंडीतून बराच वेळ वाहू देते. पावसाचं पाणी मिळेल तेव्हा साठवते. दोन महिन्यांत काळ्या टोकांच्या बाजूनं नव्या हिरव्या शाखा फुटल्या.

एका गोष्टीत मी आता अजिबात तडजोड करत नाही, ती म्हणजे कात्री. दर रोपाआधी ती तापवायची. ऑर्किडचे विषाणू, सिंबिडियम मोझेक हा त्यातला नेहमीचा, रसातून पसरतात आणि पात्यावरून एका रोपातून दुसऱ्यात जातात. लागण झालेल्या रोपावर औषध नाही. १९६० साली जॉर्ज मोरेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं सिंबिडियम या ऑर्किडच्या कोंबाच्या अगदी टोकाचा कण प्रयोगशाळेत वाढवून विषाणूमुक्त रोपं मिळवली, पण ते प्रयोगशाळेचं काम. माझ्या हातात फक्त आच आहे.

गेल्या महिन्यात पांढऱ्या फॅलेनॉप्सिसची कुंडी बदलली. साल दोन वर्षांची झाली होती, तळाचे तुकडे मऊ पडायला लागले होते. मावशीला व्हिडिओ कॉल लावला आणि या वेळी तिनं सांगायच्या आधीच मुळं कॅमेऱ्यासमोर धरली.

"मोज बघू," ती म्हणाली.

एकोणीस निघाली. त्यातलं एक कुजलेलं होतं, ते कापलं. त्या जुन्या चारांपैकी तीन अजून आहेत, खाली, जाड आणि थोडी काळपट, पण दाबल्यावर टणक लागतात. मावशी बराच वेळ काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "कुंडी एकच नंबर मोठी घे हं, जास्त नको."

तशीच घेतली. नव्या कुंडीचे आकडे अजून हाताला बसलेले नाहीत, म्हणून काटा पुन्हा काढलाय. भिजून निथळल्यावर ६३५ ग्रॅम होती, आज सकाळी ५६० भरली. भिंतीला टेकलेली मुळं खाली अजून हिरवी आहेत, वर चंदेरी व्हायला लागलीत. पाणी बहुतेक परवा.